पुलाशेजारी सुरुंग उडवताना या चुका टाळा

मराठवाड्यात रस्ता रुंद करायला घेतला की चार हात खाली काळा पाषाण लागतो, आणि पाषाण लागला की सुरुंग आलाच. शेजारी जुना पूल उभा असतो. पहिल्या बाराला त्याचा चिराही हलत नाही, म्हणून सगळे निर्धास्त होतात. इथूनच चुका सुरू होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जिओफोन, म्हणजे जमिनीचा हादरा मोजणारं यंत्र, सोयीच्या जागी लावणं. बीड जिल्ह्यात एका दगडी कमानीच्या पुलाजवळ काम चालू होतं. ठेकेदाराच्या पोरांनी जिओफोन शेडच्या सावलीत, काळ्या मातीत नुसता खोचला होता. मे महिना, मातीला हात जाईल एवढ्या भेगा. हादऱ्याचे आकडे रोज कमी येत होते आणि त्या भरवशावर सुरुंगाची दारू वाढत होती. मी कमानीखाली उतरलो तर खाली चुन्याचा भुगा पडलेला, सांध्यात ताजी पांढरी रेघ. काम तिथंच थांबवलं. जिओफोन पायाच्या उघड्या दगडावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवला आणि दारू निम्मी करून चाचणीचा एक बार घेतला. तरी आकडा आधीच्या पूर्ण बारापेक्षा जास्त आला. तेव्हापासून पायाशी लावलेल्या जिओफोनशिवाय मी बारच घेऊ देत नाही. घाई असेल त्यानं दुसरा माणूस बघावा.

दुसरी चूक घराची मर्यादा पुलाला लावण्याची. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात घरांसाठी हादऱ्याच्या वेगाची मर्यादा 8 हर्ट्झखाली (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झला 10 आणि त्यावर 15 अशी आहे. नवी पोरं त्यातला 15 तेवढा पाठ करतात. खडकात जवळ उडालेल्या बाराचा हादरा झपाझप येतो. तोच लांबून, मातीच्या जाड थरातून आला की संथ होतो. 25 मीटरच्या गर्डरची, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईची, स्वतःची वारंवारता साधारण 4 हर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे संथ हादरा छोटा असला तरी गर्डर तोच उचलतो. आकड्याशेजारी हर्ट्झ लिहिलेले नसतील तर तो कागद मी परत करतो.

एकूण दारू कमी केली म्हणून खूश होऊ नका. एका डिलेला, म्हणजे क्षणाच्या फरकानं उडणाऱ्या एकेका टप्प्याला, किती उडते ते बघा. 8 मिलिसेकंदांच्या आत उडालेली दारू एकत्रच धरतात. डिले वाचवणारा ब्लास्टर मला चालत नाही.

बाराच्या आधीचे पुलाचे फोटो नसतील तर कुठला तडा कशाचा, यावर नुसती भांडणं होतात. दोन गर्डरांमधल्या जॉइंटची फट तर उन्हानंच बदलते: 20 अंशांच्या फरकानं 25 मीटरचा गर्डर साधारण 6 मिलिमीटर लांबतो. म्हणून माप रोज एकाच वेळी घ्या. मी सकाळी सातला घेतो.

आणि डेकवर, म्हणजे पुलाच्या रस्त्यावर, नोंद घेताना वाहतूक बंद हवी. उसाची भरलेली ट्रॉली जॉइंटवरून गेली की तिचा दणका बाराच्या नोंदीत मिसळतो. बार झाल्यावर मी गर्डर ज्यावर टेकतो ते बेअरिंग हातानं चाचपतो, वर-खाली बॅटरी मारून बघतो, मगच ट्रॉल्या सोडायला सांगतो.