फाईल आहे, पण सापडंना? लोकेशन शोधताना आणि कॉपी करताना या चुका टाळा

सेलूत बसस्टँडजवळ माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, त्यातच पीकविमा, अशी झुंबड उडते. लोक सर्व्हरच्या नावानं ओरडतात, पण माझ्या दुकानात जास्त वेळ खातं ते दुसरंच वाक्य: "सर, काल स्कॅन केलं होतं, आता फाईल सापडंना."

मागच्या वर्षी शेवटच्या तारखेला जिंतूरकडच्या एका पोराचा रात्री फोन आला. "सर, उत्पन्नाचा दाखला व्हॉट्सॲपला टाकलाय, बघा की." बघितलं तर नुसती एक ओळ: सी:\युजर्स\… असं काहीतरी आणि शेवटी दाखल्याचं नाव.

"अरे, यात फाईल कुठंय?"

"हाय की सर, कॉपी करूनच पेस्ट केलंय."

त्यानं राईट क्लिक करून 'कॉपी'ऐवजी 'कॉपी ॲज पाथ' दाबलं होतं. त्यात फाईल येत नाही, फाईलचा पत्ता येतो. पत्ता पाठवला म्हणून माणूस पाहुण्याच्या घरी पोचत नाही. शिवाय तो पत्ता त्याच्या कॉम्प्युटरचा. माझ्या कॉम्प्युटरलाही सी ड्राईव्ह आहे, पण त्यात त्याचा दाखला कुठून येणार? फोनवर सांगून फाईल अटॅच करून घेतली, तेव्हा कुठं फॉर्म गेला.

नुसतं फाईलचं नाव लक्षात ठेवणं ही दुसरी चूक. नुसतं 'पिंपळगाव' म्हटलं तर आपण लगेच विचारतो, कोणतं? तालुका कोणता? डाउनलोड्स फोल्डरात 'दाखला', 'दाखला (1)', 'दाखला (2)' अशी रांग लागते आणि जुनाच दाखला अपलोड होतो. तालुका-जिल्ह्यासकट पत्ता हवा, म्हणजे पूर्ण पाथ.

पाथ घ्यायचा कसा

विंडोज 11 मध्ये फाईल निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबा. विंडोज 10 आणि 7 मध्ये शिफ्ट दाबून धरून राईट क्लिक केलं तरच 'कॉपी ॲज पाथ' दिसतं. शिफ्ट विसरतात आणि "माझ्याकडं ते येतच नाही" म्हणतात. फोल्डरचाच पत्ता हवा असेल तर वरच्या ॲड्रेस बारच्या मोकळ्या जागेत क्लिक करा, पाथ दिसेल, तो कॉपी करा. प्रॉपर्टीजमधलं 'लोकेशन' कॉपी करून अडकणारेही खूप आहेत. तिथं फक्त फोल्डर असतो, पुढं फाईलचं नाव नसतं.

'कॉपी ॲज पाथ'नं घेतलेला पाथ दुहेरी अवतरणचिन्हांत येतो. अपलोडच्या खिडकीत 'फाईल नेम'च्या चौकटीत तो तसाच पेस्ट करून एंटर मारला तरी चालतं. दहा फोल्डर उघडत बसण्यापेक्षा हा रस्ता मला फार आवडतो. पण दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पाथ टाकताना 'फाईल सापडली नाही' आलं, तर आधी ती दोन चिन्हं काढून बघा.

ज्या चुकीनं खरंच रडू येतं

झिप फाईल, म्हणजे फाईलींचं बांधलेलं गाठोडं, न सोडता, म्हणजे 'एक्स्ट्रॅक्ट' न करता, तिच्या आतूनच कागद उघडायचा आणि त्यात काम करायचं. विंडोज तो कागद टेम्प नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात उघडतो. शेजारच्या गावच्या एका ताईंनी बचत गटाचा सगळा हिशेब अशा एक्सेल फाईलमध्ये भरला, सेव्ह केला आणि दुसऱ्या दिवशी झिप उघडली तर कोरा तक्ता. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. एक्सेलच्या 'रीसेंट' यादीतून टेम्पमधली फाईल मिळाली, म्हणून निभावलं. दर वेळी मिळेलच असं नाही. काम सुरू करण्याआधी 'सेव्ह ॲज' उघडून लोकेशन वाचा. त्यात टेम्प दिसलं तर आधी दुसरीकडं सेव्ह करा, मग भरा.

शॉर्टकटचंही असंच. डेस्कटॉपवरच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल, तर ती मूळ फाईल नाही. ते पेनड्राईव्हवर टाकून लोक दुकानात येतात. साईज बघितली की दोन-तीन केबी, आणि उघडत काहीच नाही. बाणवाल्या चित्रावर राईट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' घ्या, मूळ जागा उघडते. तिथून फाईल कॉपी करा.

"डेस्कटॉपवरच हाय" हे उत्तरही पुरत नाही. वनड्राईव्हचा (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाईली ठेवायची सोय) बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉपचा खरा पत्ता वनड्राईव्हच्या फोल्डरात असतो, आणि अंदाजानं टाईप केलेला पाथ चुकतो. म्हणून पाथ कधी हातानं टाईप करू नका, कॉपीच करा.

पेनड्राईव्हचा पाथ लिहून ठेवण्यात अर्थ नाही. आज ई असलेला ड्राईव्ह उद्या एफ होतो. नावात तारीख टाकताना तिरकी रेघ चालत नाही, डॅश टाका. आणि फोल्डरात फोल्डर करत लांबलचक नावं देऊ नका: ड्राईव्हपासून फाईलच्या नावापर्यंत सगळा पाथ मिळून साधारण 260 अक्षरांची मर्यादा अजून बऱ्याच प्रोग्रॅमना आहे.

कधी फॉर्मवर फाईल निवडली की 'सी:\फेकपाथ' असं दिसतं आणि पोरं घाबरतात. हा व्हायरस नाही. तुमचा खरा पत्ता वेबसाईटला कळू नये म्हणून ब्राउझर मुद्दाम तसं दाखवतो. फॉर्म बिनधास्त पुढं न्या.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम केलं असेल, अगदी माझ्या दुकानातही, तर उठण्याआधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि जे दाबा. डाउनलोडची यादी येईल. आपल्या फाईलपुढचं 'शो इन फोल्डर' दाबा, तुमचं आधार आणि बँक पासबुक जिथं उतरलंय तोच फोल्डर उघडेल. शिफ्ट धरून डिलीट करा, म्हणजे ते रिसायकल बिनमध्येही राहत नाही. मागं रांग कितीही मोठी असली तरी एवढा वेळ हक्कानं घ्या.