जिन सावर शिकताना मला लिंबाने पाडलं

बाहेरचं ते मोठं पिवळं लिंबू मी पहिल्यांदा हातात धरलं ते २६व्या वर्षी, आणि तेही नोकरीच्या ट्रायलला. संभाजीनगरातलं एक मोठं हॉटेल, दुपारचे तीन, बार रिकामा. मॅनेजर म्हणाले, "जिन सावर कर." मला मनातल्या मनात हसूच आलं. जिन, लिंबू आणि साखरपाण्याचं हे साधं कॉकटेल, चार महिने सिडकोतल्या रूमवर तेच तर घोटलं होतं. ६० मिली जिन, २२ लिंबाचा रस, २० साखरपाणी. मोजलं, शेक केलं, गाळलं. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, ग्लास बाजूला सरकवला आणि विचारलं, "लिंबू चाखलं होतंस का?"

नव्हतं चाखलं. लिंबू काय चाखायचं असतं?

हॉटेल मॅनेजमेंट करून बारच्या लाइनला यायचं ठरवलंय, अशा आपल्याकडच्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. शेकर कसा धरायचा, पेग मेजर म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. ट्रायलला सावरच का करायला लावतात, तेवढं सांगतो. दारू, आंबट, गोड. चूक झाकायला चौथं काही नाही.

आता लिंबाचं सांगतो, आणि जरा लांबवणारच आहे, कारण माझी नोकरी त्यात गेली.

बाहेरच्या रेसिपीत 'लेमन' लिहिलेलं असतं, ते पिवळं, जाड सालीचं, मोठं फळ. एकातून ४०-४५ मिली रस सहज निघतो. आपण लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या शहागंजात जे घेतो ते कागदी लिंबू. जातच वेगळी. रस १०-१५ मिली, आंबटपणा जहाल, आणि सालीत कडवटपणा ठासून भरलेला. मी रेसिपीतलं ३० मिली जसंच्या तसं कागदी लिंबावर लावलं. दात आंबले. मग साखर वाढवली. मग जिन कुठे गेली तेच कळेना, म्हणून जिन वाढवली. मग पुन्हा आंबट कमी. असं करत एका रात्री ग्लासभर काहीतरी तयार झालं, जे माझ्या रूममेटने "खोकल्याचं औषध" म्हणून बाजूला ठेवलं.

शेवटी चाचपडत २२ मिलीवर येऊन थांबलो. ते प्रमाण बरोबर होतं, अजूनही मी त्याच्याच आसपास असतो. पण ते कागदी लिंबाचं प्रमाण आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी ते सावरचं प्रमाण म्हणून पाठ केलं. ट्रायलला समोर पिवळी लिंबं होती, मी सवयीने २२च ओतलं, आणि ते सपक गोड झालं. पिवळ्याला तिथे २५ ते ३० लागलं असतं.

बरं, कागदी लिंबूही सगळं एकासारखं दुसरं नसतं. हिरवं कडक लिंबू वेगळं, पिवळं पडलेलं पिकं वेगळं, उन्हाळ्यात झाडावरच पाण्याला तरसलेलं अजून वेगळं. २०२२च्या एप्रिलमध्ये एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना झालं होतं तेव्हा जे मिळेल ते घेत होतो, आणि रोज माझा सावर वेगळा लागत होता. मी मात्र जिनला दोष देत होतो. म्हणून रस काढला की आधी थेंबभर जिभेवर. मग चमचाभर रस, चमचाभर साखरपाणी, दोन चमचे पाणी असं वाटीत कालवून पुन्हा जिभेवर. अर्धा मिनिट लागतो. शेकर त्यानंतर उचला.

पिळण्याचंही तेच. लोखंडी दाबणीत लिंबू घालून शेवटचा थेंब निघेपर्यंत करकचून दाबलं की सालीचं तेल आणि बियांचा कडूपणा रसात उतरतो. सरबतात बर्फ-मीठ-साखरेखाली ते झाकलं जातं, सावरमध्ये घशाशी येतं. लिंबू आधी ओट्यावर तळहाताखाली लाटून घ्या, हलकं पिळा, उरलेलं राहू द्या. लोणच्यात जाईल. आईने मला हे दहाव्या वर्षी सांगितलं होतं. फी भरून केलेल्या सहा आठवड्यांच्या बार कोर्समध्ये मात्र कुणी सांगितलं नाही. तिथे आम्ही दोन आठवडे पाणी भरलेल्या बाटल्या हवेत उडवत होतो.

त्या कोर्सबद्दल एवढंच म्हणेन की बाटली उडवता आल्याने कुणाला नोकरी लागलेली मी पाहिली नाही. आणि "माप माझ्या हातात आहे" म्हणणाऱ्या उस्तादापासून लांब राहा. माप ज्याला सांगता येत नाही, त्याला शिकवताही येत नाही. मोजून ओता. लाज वाटू देऊ नका, चांगल्या बारमध्येही मोजूनच ओततात.

कुणी मोसंबी सुचवेल. आपल्याकडे जालन्याची मोसंबी घरात असतेच. चालणार नाही. तिच्यात आंबटपणा नावालाच, आणि रस काढून ठेवला की कडू पडतो. बाटलीतलं तयार सावर मिक्सही नको. त्यावर शिकलात तर ताज्या लिंबासमोर तुमची माझ्यासारखीच गत होईल.

साखरपाणी. याला मी मुद्दाम पाक म्हणत नाही. घरी फोन करून "पाक कसा करायचा" विचारलं, तर आई म्हणाली, एकतारी झाला की उतरव. उतरवला. तो इतका दाट आणि गोड झाला की २० मिलीत सगळं बुडालं. आपल्याला तार नको आहे. १०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

आता एक दिलासा. सरावाला जिन लागत नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही, म्हणजे कॉलेजातल्या बहुतेकांचा प्रश्न तिथेच संपतो. माझा दुसराच होता. वडील माळकरी, लातूरच्या घरात बाटली शिरणं शक्य नाही. दिवाळीत घरी गेलो तेव्हा जिनच्या जागी ६० मिली पाणी घालून रोज सराव केला. आंबट-गोडाचा तोल, हात, बर्फ, सगळं त्यात शिकता येतं. घरच्यांना वाटलं पोरगं सरबत करतंय. वडिलांनी तीन ग्लास पिऊन "लिंबू जास्त झालं" असं बरोबर सांगितलं, आणि मी वहीत लिहून घेतलं.

त्याच सरावात बर्फ कळला. १०० मिलीच्या आसपास आत घातलं असेल तर १२-१५ सेकंद शेक करून गाळल्यावर १३५ ते १४० भरलं पाहिजे. माझं १६० भरायचं. कारण लाइट जाऊन-येऊन फ्रीजरमधला बर्फ अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला, वरून पाणी सुटलेला. छोट्या ट्रेचा बर्फ सोडा. स्टीलच्या डब्यात पाणी गोठवा, फडक्यात गुंडाळून बत्त्याने मोठे तुकडे करा, शेकर काठोकाठ भरा. कमी बर्फाने पाणी कमी सुटतं हा गैरसमज आहे, उलट होतं. मे महिन्यात खोलीतली बाटली थेट वापरू नका, तिला थंड करण्यातच बर्फ खपतो; जिन फ्रिजमध्ये ठेवा. फॅक्टरीतून लादी आणणार असाल तर निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो, एवढं लक्षात असू द्या. आणि उरलेल्या बर्फाचं पाणी मी अजूनही कुंडीत ओततो. २०१६ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे माझं, सिंकमध्ये ओतायला हात होत नाही.

जिनवर मी फार बोलणार नाही. साधी ड्राय जिन घ्या. तिचा मुख्य वास जुनिपर या झुडपाच्या फळांचा, म्हणजे आयुर्वेदातल्या हपुषेचा. तो लिंबातून वर यायला हवा. फुलांच्या, फळांच्या वासाची रंगीत जिन शिकताना नको. महागडीही नको, तुम्ही ती ओतून देणार आहात. हो, ओतूनच. जिभेवर थेंब घ्या, चूळ भरा, पुढचा ग्लास करा. प्रत्येक ग्लास प्यायलात तर तिसऱ्यानंतर तुमची जीभ खोटं बोलते, आणि या लाइनमध्ये ती सवय लागलेली चांगली पोरं मी गेलेली बघितली आहेत. यावर मला थट्टा करता येत नाही.

राहिलं अंडं. पांढऱ्या फेसाशिवायही तो जिन सावरच असतो, त्यामुळे आधी साधा जमवा. फेस हवा असेल तर अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, १५ मिली, ताज्या अंड्याचा. कच्चं अंडं सगळ्यांना चालत नाही, पाहुण्याला विचारल्याशिवाय देऊ नका. आधी बर्फाशिवाय १५ सेकंद शेक, मग बर्फ घालून पुन्हा. पहिल्या वेळी झाकण घट्ट दाबून धरा. बर्फ नसला की धातू आवळून बसत नाही आणि आतला फेस झाकण उडवतो. आमच्या रूमच्या पंख्यावर त्याचा डाग अजून असेल. अंडं नको असेल तर उकडलेल्या काबुली चण्याचं दाटसर पाणी २०-२५ मिली घाला, फेस जवळपास तसाच येतो.

दुसरी ट्रायल दोन महिन्यांनी, दुसऱ्या हॉटेलात. तिथे कागदी लिंबंच होती, तरी मी आधी चमचा मागितला. बारमागचे काका म्हणाले, "घे सावकाश, घाई नाही." तिथेच लागलो.

पिवळा बलक मात्र टाकू नका. सरावाच्या दिवसांत आम्ही रूमवर चौघं आठवडाभर नुसत्या बलकाची भुर्जी खात होतो; कांदा जरा जास्त घाला, नाहीतर कोरडी लागते.