पंक अल्बममधले शब्द ऐकू यावेत म्हणून

राजकीय पंक (वेगवान, बंडखोर रॉक) अल्बम बहुतेक वेळा एकाच जागी फसतो: शब्द कळत नाहीत. मंचासमोरच्या गर्दीत ते खपून जातं. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला मात्र आरडाओरडा ऐकू येतो, म्हणणं पोचत नाही. म्हणून स्टुडिओतला प्रत्येक निर्णय शब्दांच्या बाजूने घ्यावा.

काम तालमीतच सुरू होतं. फोनवर गाणं रेकॉर्ड करा आणि ते आधी न ऐकलेल्या माणसाला ओळी लिहून घ्यायला सांगा. तो अडला, की अक्षरं मोजा. मिनिटाला १८० ठोके म्हणजे सेकंदाला तीन. दर ठोक्याला तीन अक्षरं कोंबली तर सेकंदाला नऊ. या वेगात 'स्वातंत्र्य'मधला 'त्र्य' हमखास गिळला जातो. ठोक्याला दोन अक्षरं ठेवा, उरलेले शब्द छाटा. ओळ बहुधा धारदारच होते.

ड्रम, बेस आणि एक गिटार एकत्र वाजवून रेकॉर्ड करा, पण अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) दुसऱ्या खोलीत ठेवा. नाहीतर चुकलेला कॉर्ड ड्रमच्या माइकमध्येही शिरतो आणि मग दुरुस्त करता येत नाही. तीन-चार टेकमध्ये (पूर्ण प्रयत्नांमध्ये) जमलं नाही तर पुढच्या गाण्याकडे वळा.

खरी गडबड गिटारची. मंचावरचा गेन (सिग्नल किती जोरात ढकलायचा ते) स्टुडिओत जास्त होतो, कारण डिस्टॉर्शन (त्यातून येणारा करकरीतपणा) २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा भरून टाकतं आणि व्यंजनांचा स्पष्टपणा बराचसा तिथेच असतो. गेन एक तृतीयांश कमी करा आणि तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. एकाच ट्रॅकची प्रत चालणार नाही; तिने आवाज वाढतो, रुंदी येत नाही. पातळ वाटलं तरी घाबरू नका, दोन्ही एकत्र वाजले की भरतं.

गायन शेवटी, स्वतंत्रपणे. डायनॅमिक माइक, तोंडापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकरीचा फटका अडवणारी जाळी). सर्वात मोठी किंकाळी रेकॉर्डिंगच्या मीटरवर (शून्य म्हणजे कमाल मर्यादा) उणे १० डेसिबलच्या आसपास थांबू द्या. ओरडून गाणाऱ्याचा गळा एका दिवसात तीन-चार गाण्यांपलीकडे टिकत नाही, म्हणून तेवढे दिवस आधीच धरा.

मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, गायनाचा १०० हर्ट्झखालचा भाग कापा, कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं) ४:१. अटॅक (दाबणं किती लवकर सुरू होतं ते) फार जलद ठेवला तर 'क', 'ट', 'प' बोथट होतात. १० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. गिटारमधून ३ किलोहर्ट्झजवळ २-३ डेसिबल उतरवा. मग एकाच छोट्या स्पीकरवर, हळू आवाजात ऐका. जो शब्द बुडतो, फक्त त्याच शब्दाचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) १-२ डेसिबल वर घ्या.

विनाइल (तबकडी) काढणार असाल तर मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाला एका बाजूला साधारण १८ मिनिटंच ठेवा. आतल्या वळणांवर 'स', 'श' फाटतात, त्यामुळे तसे शब्द ठासून भरलेलं गाणं बाजूच्या शेवटी नको.

शब्द छापाच. क्रास या ब्रिटिश बँडने १९७९च्या सुमारास उलगडणाऱ्या कव्हरमध्ये शब्द दिले, वर 'यापेक्षा जास्त पैसे देऊ नका' अशी किंमतही छापली. समीक्षकांना अल्बम सहा ते आठ आठवडे आधी पाठवा, सोबत सगळे शब्द आणि कुठली ओळ कुठल्या घटनेबद्दल आहे याचं एक पान. परीक्षणात 'प्रचारकी' असा शेरा आला तर तो कुठल्या ओळीबद्दल आहे ते शोधा. समीक्षकाने ओळच चुकीची उद्धृत केली असेल, तर त्या जागचं मिक्स पुन्हा ऐका.