ऑनलाइन धंद्याच्या जाहिरातीला पैसे पाठवण्याआधी या चुका टाळा

जळगावात लहान व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवण्याचे आणि कराची विवरणे भरण्याचे काम मी अनेक वर्षे करतो. मोबाइलवर जाहिरात पाहून ‘घरबसल्या उद्योग’ सुरू केलेली आणि नंतर कागदांची पिशवी घेऊन आलेली माणसे मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. गाव वेगळे असते, मशीन वेगळे असते, चूक मात्र तीच असते; आणि पैसे पाठवण्याआधी अर्धा तास चौकशी केली असती तर ती लक्षात आली असती, याचे मला फार वाईट वाटते.

‘तयार माल आम्हीच घेऊ’ या करारावर विसंबणे

२०२३ च्या हिवाळ्यात अमळनेर तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला. कापूस विकून आलेल्या पैशांतून मुलाने फुलवाती वळण्याचे मशीन १,३५,००० रुपयांना मागवले होते. परराज्यातील कंपनी प्रक्रिया केलेला कापूस ४५० रुपये किलोने देणार आणि तयार वाती ७५० रुपये किलोने परत घेणार, असा करार होता. पहिल्या ३० किलो वातींचे २२,५०० रुपये खात्यात जमा झाले आणि त्या जोरावर मुलाने दुसरे मशीन घेतले. त्यानंतर पाठवलेला ८० किलो माल ‘वातीची जाडी निकषात बसत नाही’ म्हणून नापास झाला आणि पंधरा दिवसांत फोन बंद झाला. करारात ‘गुणवत्ता निकषांनुसार माल असल्यास’ असे लिहिले होते, पण ते निकष कोणते हे कुठेही नव्हते. मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, “काका, पहिले पैसे तर वेळेवर आले होते ना!” ते २२,५०० रुपये त्याच्याच १,३५,००० मधून परत आले होते, हे त्याला समजावताना माझाही गळा दाटून आला. वडील एवढेच म्हणाले, “आते काय करानं, भाऊ?”

मी त्याच दिवशी दाणा बाजारात पूजासाहित्याच्या एका ठोक विक्रेत्याकडे गेलो. कंपनी ज्या भावाने नुसता कापूस देत होती, त्याहून कमी भावाने तयार फुलवाती त्याच्या दुकानात येत होत्या. मग ७५० रुपये देणाऱ्याला त्या वाती पुढे कोणाला विकायच्या होत्या? त्याचा धंदा वातींचा नव्हताच. त्याची कमाई मशीनच्या किमतीत होती. तमिळनाडूतील पेरुंदुराई भागात २०१२ मध्ये कोसळलेली इमू या मोठ्या पक्ष्याच्या पालनाची योजना आणि २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण, या दोन्हींच्या मुळाशी माल परत घेण्याचे हेच आश्वासन होते.

माझी सवय अशी आहे की मशीनची चित्रफीत पाहण्याआधी मी मालाचा नमुना मागतो, तो पिशवीत घालून बाजारात नेतो आणि मशीन विकणारा सोडून आणखी तीन व्यापारी तो माल कोणत्या भावाने घेतील, हे विचारतो. नमुना देण्याची टाळाटाळ झाली की विषय तिथेच संपवतो. रावेर-यावलचा केळी बागायतदार घड कापू देण्याआधी त्या व्यापाऱ्याने मागच्या हंगामात कोणाचे पैसे थकवले, याची चार ठिकाणी चौकशी करतो. त्याच घरातील मुलगा मोबाइलवर मात्र ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’ एवढे वाचून लाखाची रक्कम पाठवतो. या घाईचे समर्थन मी करू शकत नाही. जो व्यवहार तीन रात्री थांबू शकत नाही, तो करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रमाणपत्र म्हणजे पडताळणी, असे समजणे

लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे आणि अर्जदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. त्यामुळे ते प्रमाणपत्र ‘सरकारमान्य कंपनी’ असल्याचा दाखला ठरत नाही. स्टॅम्पपेपरवरून मुद्रांक शुल्क भरल्याचे कळते, त्यावरील मजकूर खरा आहे की नाही हे कळत नाही. जीएसटी क्रमांक मात्र उपयोगी पडतो, पण तो स्वतः तपासला तरच. हा क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढील दहा अक्षरे पॅनची असतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही तो टाकून नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे पाहता येते. अमळनेरच्या प्रकरणात तो क्रमांक दुसऱ्याच शहरातील एका हार्डवेअर दुकानाचा निघाला आणि पैसे एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेले होते. नोंदणीतील नाव आणि खातेदाराचे नाव जुळत नसेल, तर मी माझ्या अशिलाला एक रुपयाही पाठवू देत नाही.

आणखी काही चुका

टेलिग्रामवर हॉटेलांना तारे देण्याचे ‘काम’ घेऊ नये; सुरुवातीला मिळणारे दीडशे-दोनशे रुपये हे पुढच्या ‘प्रीपेड टास्क’साठी, म्हणजे आधी पैसे भरून करायच्या कामासाठी लावलेले आमिष असते.

साखळी पद्धतीच्या योजनेत प्रवेश फी भरू नये. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार अशी फी घेता येत नाही आणि माणसे जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनेला बंदी आहे.

शेतात मोबाइल टॉवर बसवण्यासाठी अनामत मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, असे कोणतेही ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही.

पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही.

कमिशनच्या बदल्यात आपले बँक खाते कोणालाही वापरायला देऊ नये. महाविद्यालयीन मुलांना मी हे विशेष कळकळीने सांगतो, कारण त्या खात्यातून फिरलेल्या पैशांसाठी पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारात येतात.

फसल्यानंतर लाजेने गप्प बसणे

अमळनेरच्या मुलाने चार महिने घरात कोणालाही काही सांगितले नाही, आणि तेवढ्या काळात पैसे गेलेले ते बचत खाते रिकामे झाले होते. फसवणूक लक्षात येताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडकलेली असेपर्यंतच बँक ती रोखू शकते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवावी. व्यवहार क्रमांक, बँकेचा उतारा, समोरच्याचे मोबाइल क्रमांक आणि करार एकत्र ठेवावेत. रागाच्या भरात व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नये, कारण तोच पुरावा असतो. पुढे ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे फोन येतात. त्या मुलालाही स्वतःला वकील म्हणवणाऱ्या एकाने ८,००० रुपये मागितले होते. या वेळी त्याने पैसे पाठवण्याआधी मला फोन केला.