विश्वासाने नीतिमान ठरणं: रोमकरांस पत्र वाचायचं कसं
हे बायबलमधलं पत्र, प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं. आधी त्याचा 3रा अध्याय सलग वाचा, नुसतं 28वं वचन (माणूस कर्मांनी नाही, विश्वासाने नीतिमान ठरतो) उचलू नका, कारण सगळेच पापी आहेत हे पटलं तरच देव फुकट नीतिमान (त्याच्या नजरेत निर्दोष) ठरवतो म्हणजे काय ते डोक्यात शिरतं. मग 4था, आणि शेजारी बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघडं ठेवा. अब्राहामाला नीतिमान गणलं 15व्या अध्यायात, सुंता झाली थेट 17व्यात, म्हणजे नंतर! पौलाचा सगळा जोर इथेच आहे, की सुंतेआधीच, विश्वासानेच तो नीतिमान ठरला; इथे खरंच थांबा. मग चांगली कामं कशाला करायची असं वाटलं तर बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचा 2रा अध्याय घ्या, तोही अब्राहामच सांगतो पण इसहाकाला वेदीवर ठेवल्याचा प्रसंग, आणि तो उत्पत्ती 22 मधला, म्हणजे त्याहून पुढचा. लुथरन आणि कॅथलिक या दोन ख्रिस्ती पंथांचा याच विषयावरचा 1999चा संयुक्त जाहीरनामा पण वाचाच.