सुपरचार्जर बसवण्याआधी क्रँककेसच्या श्वासाची तयारी

मॅनिफोल्डमध्ये बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा दाब, आला की पीसीव्हीची (क्रँककेसमधला वायू मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या व्हॉल्व्हची) वाट बंद होते. मग पिस्टन रिंगांच्या कडेने खाली उतरणारा सगळा ब्लोबाय, म्हणजे सिलिंडरमधून गळलेला वायू, दुसऱ्या बाजूच्या ब्रीदर नळीतूनच बाहेर पडतो. म्हणून ब्रीदरच्या वाटेतलं सगळ्यात अरुंद भोक मोजा. होज पाइप नाही, भोक. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं, आत दाब साठून मागचं क्रँक सील गेलं आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागला. बाकी यादीतलं एखादं काम पुढे ढकललं तरी चालेल, हे नाही.

खाली मांडणी धरली आहे ती अशी: चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यावर ईटनचा एम 45 किंवा एम 62 रूट्स ब्लोअर (सुपरचार्जर), थ्रॉटल ब्लोअरच्या आधी, बूस्ट 0.4 बारच्या आसपास. ब्लोअर सेंट्रिफ्यूगल असेल तर थ्रॉटल ब्लोअरच्या नंतर येतो, पण ब्रीदर तिथे फिल्टर आणि ब्लोअर यांच्या मधल्या पाइपात जोडायचा.

आधी इंजिन तपासा. गरम इंजिनावर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती टक्के गळते ते बघा. 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 20 च्या वर गेलं आणि तेलाच्या झाकणातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा गेल्या आहेत. अशा इंजिनाला कितीही मोठा कॅच कॅन (वाटेतलं तेल अडवणारा डबा) लावा, उपयोग नाही. टॅपेट कव्हर काढा आणि निपलांच्या (होज चढवायच्या नळकांड्यांच्या) खालचा पत्र्याचा बॅफल, म्हणजे आडपडदा, जागेवर आहे ना ते बघा. तो नसेल तर कॅमवरून उडणारं तेल सरळ पाइपात जातं. गॅस्केट नवं टाका. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवा.

कव्हर हातात आहे तोवरच ब्रीदरचं निपल आतून बघा. बाहेरून 14–15 मिमीचं दिसतं, आत मात्र कंपनीने 8 मिमीची चकती ठोकलेली असू शकते. 16 मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे 200 चौरस मिमी, 8 मिमीचं जेमतेम 50. म्हणजे 16 चा महागडा होज लावूनही वाट पावच राहते. 12 मिमी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू प्रत्येक निपलातून, प्रत्येक कनेक्टरमधून आरपार घाला. काटकोनी एल्बोत बिट वळत नाही, तिथे बेअरिंगची 12 मिमीची गोळी सोडा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते का बघा. (कव्हर इंजिनावर असताना गोळी अजिबात सोडू नका. ती आत गेली तर संप उतरवावा लागेल.) जे अडलं ते बदला. कव्हरचं निपल मोठं करता येत नसेल तर दुसरं निपल बसवा. 10 मिमीची दोन भोकं मिळून 12 मिमीच्या एका भोकापेक्षा जास्त वाट देतात. ॲल्युमिनियमचा कीस बॅफलच्या मागे अडकतो, तो धुऊन, हवा मारून काढा.

कॅच कॅन घेतानाही हेच. डबा केवढा, रंग कोणता ते नंतर बघा, आधी निपलात बिट घाला. डब्यात जाळी किंवा बॅफल हवा, रिकामा डबा तेल अडवत नाही. डबे दोन लागतील, एक पीसीव्हीच्या बाजूला, एक ब्रीदरच्या. पीसीव्हीच्या बाजूचा डबा आयडलला जोरदार व्हॅक्यूम झेलतो, म्हणून तो पूर्ण हवाबंद हवा आणि तिथला होज आत न चिकटणारा हवा. साध्या सिलिकॉन होजमधून तेल झिरपतं, काही महिन्यांत बाहेरून चिकट होतो. तेलाला टिकणारा नायट्राइल होज घ्या.

आता पीसीव्हीची बाजू, आणि इथे नियम उलटा. पीसीव्हीचं भोक मोठं करू नका! ते मापूनच अरुंद ठेवलेलं असतं. मोठं केलंत तर आयडल बिघडेल आणि मॅनिफोल्ड तेल ओढू लागेल. मूळ पीसीव्ही मात्र बूस्ट अडवायला बनवलेला नाही, उलट्या दाबाखाली तो गळतो आणि ब्लोअरची हवा थेट क्रँककेसमध्ये घुसते. त्यासाठी वेगळा एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एकाच दिशेने हवा सोडणारा) टाका. क्रम असा: टॅपेट कव्हर, पीसीव्ही, डबा, एनआरव्ही, मॅनिफोल्ड. बाण मॅनिफोल्डकडे. एनआरव्ही मॅनिफोल्डला लागूनच हवा, नाहीतर बूस्टमध्ये डबाही फुगतो. बसवण्याआधी मॅनिफोल्डच्या बाजूने तोंडाने फुंकून बघा, जराही हवा गेली तर परत करा. मत्स्यटाकीचा प्लास्टिकचा एनआरव्ही नको, तेलात त्याचं रबर टिकत नाही.

ब्रीदरचं दुसरं टोक एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपात, मास एअरफ्लो सेन्सर असेल तर त्याच्या पुढे, म्हणजे थ्रॉटलच्या बाजूला. सेन्सरच्या मागे, फिल्टरच्या बाजूला, किंवा उघड्यावर सोडलंत तर क्रूझला न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं). थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मधे तर मुळीच जोडू नका. तिथे आयडलला व्हॅक्यूम असतो आणि अडवायला काहीच नसतं, ब्लोअर तेल पीत बसेल. तेलाने रोटर बिघडत नाहीत, पण इंटरकूलर आतून माखतो, पेट्रोलचा ऑक्टेन प्रत्यक्षात उतरतो, नॉक येतो (मिश्रण आपोआप धडाक्याने पेटतं) आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. बूस्टसाठी केलेला खर्च तिथेच वाया. उघड्यावर सोडणं भारत स्टेजच्या नियमांतही बसत नाही, पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून बाहेर काही जाता कामा नये असंच ते सांगतात.

जोडताना होज सतत चढता किंवा सतत उतरता ठेवा. मधे झोळ पडला की तिथे तेल साचतं आणि वाट पुन्हा अरुंद. होजच्या आत जाणाऱ्या निपलाला स्वतःची जाडी असते, 16 च्या होजमधलं निपल आतून 12–13 चंच भरतं. म्हणजे आधीच काठावर आहात, त्यात आणखी एक लहान कनेक्टर चालणार नाही. सगळं जोडून झालं की वाट पुन्हा एकदा मनात चाला: कव्हर, निपल, होज, डब्यात शिरताना, डब्यातून निघताना, इनटेकचं निपल. सहा जागा. सहाही ठिकाणी बिट गेला होता का? इनटेकचंच बहुतेक राहतं.

चाचणी. आयडलला तेलाच्या झाकणाच्या जागी रबरी हातमोजा धरा, तो हळूच आत ओढला गेला पाहिजे. मग डिपस्टिकच्या नळीला 6 मिमीची पारदर्शक नळी जोडून केबिनमध्ये आणा, इंग्रजी यू आकारात टांगा आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. पाण्यात चिमूटभर कुंकू टाका, पातळी स्पष्ट दिसते. यूची प्रत्येक बाजू मीटरभर उंच ठेवा, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. मोकळ्या, बंद रस्त्यावर फुल थ्रॉटल, वाचन शेजारच्याने घ्यायचं. दोन पातळ्यांत 50 मिमीपर्यंत फरक ठीक. 100 मिमी, म्हणजे साधारण 1 किलोपास्कल, ही माझी हद्द. त्याच्या वर गेलं तर थांबा आणि एनआरव्हीची नळी काढून मॅनिफोल्डचं आणि नळीचं, दोन्ही टोकं बंद करा, पुन्हा पळवा. दाब उतरला तर एनआरव्ही गळतोय. तेवढाच राहिला तर ब्रीदरमध्ये कुठेतरी अरुंद भोक आहे. शोधा.

पहिले 500 किमी झाले की डबे रिकामे करा, नंतर दर 1000 ला. पावसाळ्यात रोज चार-पाच किमीच्याच फेऱ्या असतील तर दुधाळ कॉफीसारखा गाळ निघेल. ते पाणी आहे, घाबरू नका. तो परत इंजिनात ओतू नका, गटारातही नाही. इंटरकूलरमध्ये तेल दिसलं तर वास घ्या: उग्र, नाकात बसणारा वास ईटनच्या स्वतःच्या तेलाचा, म्हणजे ब्लोअरचं सील. एनआरव्ही दर सर्व्हिसला फुंकून बघा. होजच्या क्लिपा आवळा. आणि ब्रीदरची निपलं काजळीने भरतात, तेव्हा वर्षातून एकदा तोच 12 चा बिट पुन्हा घाला.