शिसोचं बी उगवतच नव्हतं, शेवटी असं उगवलं

तोक्योत राहतो, बाल्कनीतल्या कुंडीत हिरवा शिसो लावायचा होता, तोच तो, ज्याचं पान साशिमीखाली (कच्च्या माशाच्या कापांखाली) ठेवतात तो, आपल्या तुळशीच्याच कुळातला. दोनदा पेरला, तीन तीन आठवडे पाणी घातलं, एक कोंब नाही. पहिल्यांदा मार्चच्या थंडीत पेरला, दुसऱ्यांदा मेथीसारखा मातीखाली गाडला आणि वर पाण्याचा मारा, बुरशी आली फक्त. जाम वैताग आला.

चूक अशी की शिसोच्या बीला उगवायला उजेड लागतो आणि साधारण 20 ते 25 अंश ऊब. मग मेमध्ये नवीन पाकीट आणलं (जुनं बी लवकर मरतं), बी रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी माती आधीच ओली करून घेतली, बी वर नुसतं पसरलं, बोटाने हलकं दाबलं, आणि चाळणीने माती इतकीच भुरभुरवली की बी दिसत राहील. पाणी फक्त स्प्रेने, झारीने घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जातं. वर भोकं पाडलेलं प्लास्टिक, कुंडी उजेडात पण कडक उन्हात नाही.

नवव्या दिवशी कोंब! प्लास्टिक लगेच काढलं.